धरून बसा, वाळतंय

आमच्या निमोण्यात फेविक्विक एकदाच जगतं. आणलं, टोक कापलं, चपलेचा अंगठा चिकटवला, की संपलं त्याचं आयुष्य. पुढच्या वेळी लागेल म्हणून माणूस ती ट्यूब टीव्हीमागं नाहीतर खिळ्यांच्या डब्यात टाकतो, आणि गरज पडल्यावर काढून बघतो तर आत दगड. मग तो टाचणी खुपसतो. टाचणी आतच अडकते. मग दातानं चावून बघतो, आणि शेवटी दुकानदाराच्या नावानं बोटं मोडत नवी आणायला जातो. दोष ट्यूबचा नसतो, आमच्या हातांचा असतो. तोंडाशी आलेला थेंब पुसायचा नाही, टोपण अर्धवट लावायचं आणि वर ती आडवी भिरकावून द्यायची, हे आमचे गुण. मी काही शहाणी नाही, माझ्याही घरात अशा मेलेल्या ट्यूबा पुष्कळ सापडतील.

अख्ख्या गावात फोडलेलं फेविक्विक जिवंत राहायचं ते एका मल्हारी आप्पांच्या घरात.

माझी पिठाची गिरणी. समोर रस्ता ओलांडला की आप्पांचं घर. पुढं सिमेंटचा ओटा, बाजूला दोन शेळ्या. गिरणीवर बसलं की गावातलं सगळं आपोआप कळतं, विचारावं लागत नाही. त्यातून आप्पांचं घर तर नाकासमोर. त्यामुळं मी त्यांच्याबद्दल जे सांगते ते ऐकीव नाही, डोळ्यांनी बघितलेलं आहे. आणि मला नसत्या चौकशा करायची सवय आहे असं कुणी म्हणत असेल, तर त्यानं आपलं दळण दुसरीकडं न्यावं.

आप्पांचे वडील मेंढरं राखायचे. आप्पांनी मेंढरं सोडली आणि कुरकुंभच्या एका औषधाच्या कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली पॅकिंगला लागले. तिथं म्हातारे झाले आणि गावी परत आले. येताना कंपनीतून त्यांनी काय आणलं, तर पुड्या. औषधाच्या डब्यात दमट हवा राहू नये म्हणून बारीक खड्यांच्या पांढऱ्या पुड्या टाकतात ना, त्या. फाटक्या म्हणून टाकून दिलेल्या, आप्पांनी शिवून घेतलेल्या. गिताकाकू, म्हणजे त्यांची बायको, तेव्हा हसून लोटपोट झाली होती. "माणसं फंड आणत्यात, ग्रॅच्युइटी आणत्यात, आन् आमच्या मालकांनी मूठभर खडं आणलं," असं ती सगळ्या गिरणीला सांगत होती.

हसणारी ती बाई पुढं दौंडला गेली. मुलगा हनुमंत कुरकुंभलाच कामाला, सून सोनमही तिथंच लॅबमध्ये, दोघांच्या शिफ्टा, राहायला दौंडात फ्लॅट. त्यांना मुलगी झाली, ऋतिका. सोनमची रजा संपली तेव्हा बाळाला सांभाळायला काकू गेली. "बसायला लागली की येते," म्हणाली. पोर बसायला लागली. मग "चालायला लागली की येते". पोर चालली, पळाली. मग "बोलायला लागली की". आता ती पोर फोनवर आप्पांनाच दरडावते, तरी काकू आलेली नाही. सणावाराला येते, रात्रीपुरती टेकते आणि जाते.

आप्पांना मात्र हे पहिल्याच दिवशी कळलं होतं. कसं, ते मला त्यांनीच एकदा सांगितलं. आमच्याकडं बाई चार दिवसांसाठी कुठं जाते तेव्हा टिकल्यांचं पाकीट नेते. कुंकवाचा करंडा नेत नाही. करंडा घरातच राहतो, देवळीत, देवांच्या शेजारी. काकूचा करंडा जेजुरीला घेतलेला, लाकडी, झाकणावर धरायला बोंडी असलेला. लग्नानंतर जोडीनं देवाला गेले तेव्हाचा. दौंडला जायच्या दिवशी जीप दारात उभी राहिली, आप्पा पिशवी उचलायला गेले, तर पिशवीत वरच करंडा.

"मी काय बोललो न्हाई," आप्पा म्हणाले. "म्हणलं, लागंल तिला. पर सिंधू, देवळीत त्याचा गोल डाग हाय बघ. लाल. पुसला तरी जात न्हाई."

"मग सरळ बोलवा की काकूंना," मी म्हणाले. मला असलं मनात कुढणं जमत नाही. "म्हणा, बास झालं, ये आता घरी."

"आन् पोरगी कुणी सांभाळायची? सोनमला नोकरी सोड म्हणू? शिकल्याली पोरगी हाय ती."

"मग तुम्ही जा दौंडला."

"गेलतो की. तिसऱ्या मजल्यावर घर. दार लावलं की कुणाचं तोंड दिसत न्हाई. शेळ्यांचा इचार करून मला झोप येईना, आन् मी जागा म्हणून तिला झोप येईना. हनुमंतच म्हणला, आप्पा, तुमी गावाकडंच बरं."

म्हणजे दोष कुणाचाच नाही. मला अशा भानगडीचा फार राग येतो. कुणीतरी वाईट असलं म्हणजे त्याला चार शिव्या देऊन मोकळं होता येतं. इथं सगळेच चांगले आणि आप्पा एकटे.

तर फेविक्विक. काकू गेली आणि घरातली लोणच्याची काचेची बरणी रिकामी झाली, कारण कैऱ्या चिरणारं कुणी उरलं नाही. आप्पांनी ती धुतली, उन्हात वाळवली, तळाला कंपनीच्या पुड्या घातल्या आणि शिरूरच्या हार्डवेअरच्या दुकानातून आणलेली फेविक्विकची मोठी बाटली त्यात उभी ठेवली. उभीच, आडवी नाही. बरणीच्या झाकणाला रबर होता, हवा जायला वाव नाही. बरणी माठापासून लांब, चुलीपासून लांब, आतल्या फडताळात. बाटली काढायची ती कोरड्या हातानं. थेंब घालून झाला की बाटलीचं बूड जमिनीवर दोनदा आपटायचं, म्हणजे टोकातला गम खाली उतरतो. मग कोरड्या फडक्यानं टोक पुसायचं, टोपण गच्च लावायचं आणि लगेच बरणीत. या सगळ्या वेळात आप्पा श्वाससुद्धा तोंड फिरवून सोडायचे. पुड्या अधूनमधून पत्र्यावर कडक उन्हात टाकून परत कोरड्या करायचे. तान्ह्या बाळाचं सुद्धा कुणी एवढं करत नाही.

पण यातलं त्यांनी कुणाला सांगितलं नाही. विचारलं की म्हणायचे, "हाताचा गुण हाय." आणि बाटली घराबाहेर जाऊ द्यायची नाही हा नियम. काय मोडलं असेल ते घेऊन त्यांच्याकडं यायचं. चष्म्याची काडी, रिमोटचं झाकण, चपलेचा अंगठा. प्लास्टिकची बादली आणली तर परत पाठवायचे, "ह्याला लागत न्हाई हे," म्हणून. पण परत पाठवायच्या आधी बसवून घ्यायचे.

बसवून घ्यायचे, ते महत्त्वाचं. कारण आप्पांचं फेविक्विक वाळायला अर्धा तास घ्यायचं.

माझ्या गिरणीच्या स्विचची गुंडी निघाली तेव्हा मी पहिल्यांदा गेले. त्यांनी एक थेंब लावला, गुंडी दाबली आणि माझ्या बोटांत दिली. "धरून बस. वाळतंय." मी धरून बसले. ते चहा ठेवायला आत गेले. चहा झाला, शेळ्यांची चौकशी झाली, ऋतिका फोनवर काय म्हणाली ते झालं. तिकडं गिरणीवर बायका खोळंबलेल्या.

"आप्पा, पाकिटावर तर लिहितात क्षणात चिकटतं म्हणून."

"ते कंपनीचं लिव्हनं. हितली हवा न्यारी हाय. सोडू नको, धरून बस."

मी धरून बसले. गाव असंच धरून बसायचं. ओट्यावर कायम कुणीतरी एका हातात चपलेचा अंगठा दाबून धरलेला आणि दुसऱ्या हातात बशी. मला कळायला फार दिवस लागले नाहीत. एकदा माझ्या बोटालाच गम लागला आणि मी बोट झटकेपर्यंत ते चिकटलंसुद्धा. म्हटलं, वा रे हवा! गुंडीला अर्धा तास आणि माझ्या बोटाला एक क्षण! आप्पांनी गोड्या तेलानं बोट सोडवलं, माझ्याकडं बघितलं नाही. मीही बोलले नाही. मी फटकळ आहे, पण दगड नाही. पूर्वी विरजण मागायला बायका या घरातून त्या घरात जायच्या आणि तासभर बसायच्या. आता प्रत्येकीच्या फ्रिजमध्ये दही. कुणाचं कुणावाचून अडत नाही, मग जायचं कशाला? आप्पांनी लोकांना यायला निमित्त करून ठेवलं होतं, आणि ते निमित्त ते कोरडं, उभं, झाकण लावून जपत होते.

मग आमच्या गल्लीतल्या मोनिकानं घोळ घातला. मोनिका म्हणजे नव्यानं लग्न होऊन आलेली, दिवसरात्र मोबाईलवर. तिनं कुठलीशी हिंदी रील बघितली, फोडलेलं फेविक्विक कसं टिकवायचं त्याची, आणि टाकली गावाच्या ग्रुपवर. रीलमधला माणूस सांगत होता, ठंडी और सूखी जगह रखो. गावानं 'ठंडी' तेवढं ऐकलं. आता निमोण्यात थंड जागा कुठली? माठाखालची ओली वाळू. जिनं तिनं आपली ट्यूब माठाच्या तिवईवर नाहीतर वाळूत खोचून ठेवली. दोन दिवसांत गावातल्या झाडून साऱ्या ट्यूबा ठार. ओल लागली की फेविक्विक आवळून येतं, तिथंच तर सगळी गोम. त्या आठवड्यात आप्पांच्या ओट्यावर बसायला जागा नव्हती. आप्पा इतके खूश, की साखर संपली आणि माझ्याकडं मागायला आले.

पण मोनिका चिवट. तिनं रील परत लावली, 'सूखी'चा अर्थ सगळ्यांना समजावला. कुणी नव्या बुटांच्या खोक्यातल्या पुड्या शोधल्या, कुणी कोरडे तांदूळ घेतले. घट्ट झाकणाचा डबा, ट्यूब उभी, टोक पुसलेलं. हळूहळू घरोघरी फेविक्विक टिकायला लागलं. मोनिकाचं कौतुक झालं, व्हायलाच पाहिजे होतं. पोरीनं चांगलंच केलं होतं.

आणि आप्पांचा ओटा रिकामा झाला.

कुणी ठरवून यायचं थांबलं नाही. नुसतं काम उरलं नाही. सकाळी ते ओटा झाडायचे आणि बसायचे. दळणाला आलेल्या बायका जाता-येता "काय आप्पा, बरंय का?" म्हणायच्या, ते "बरंय" म्हणायचे, झालं. दुपारी गिरणीला माल नसला की रस्ता इतका गप्प व्हायचा की शेळी चघळते ते ऐकू यायचं. एकदा ते रस्ता ओलांडून आले, दारात उभे राहिले आणि म्हणाले, "सिंधू, कुणाचं काय मोडलं का गं?"

हसावं तरी कसं? दुसऱ्या दिवशी मी माझ्या धडधाकट स्टुलाच्या पायाचा रबर उपसून काढला आणि घेऊन गेले. म्हटलं, "निघाला बघा." आप्पांनी तो उलटसुलट करून बघितला, माझ्याकडं बघितलं आणि परत माझ्या हातात दिला.

"हे मोडलं न्हाई. काढलंय," ते म्हणाले. "भीक घालू नको, सिंधू. च्या घ्यायचा तर घे."

मी चहा घेतला. मला माझाच राग आला. माणूस एकटा असला म्हणून आंधळा नसतो.

पुढं बिरोबाच्या नैवेद्याचा दिवस आला. हनुमंत मोटारसायकलवर काकूला आणि ऋतिकाला घेऊन आला. त्याला सेकंड शिफ्ट, म्हणजे जेवून लगेच निघायचं होतं. काकूनं मलाही जेवायला बोलावलं. आल्या आल्या तिनं पदर खोचला, चूल पेटवली, पुरणाला बसली, आणि त्या घरात भांड्यांचा आवाज झाला. आप्पा नुसते या दारातून त्या दारात हिंडत होते. काही काम नव्हतं त्यांना, तरी.

"वाळला का हो तुम्ही?" काकू त्यांच्याकडं न बघता म्हणाली.

"न्हाई गं. हाय तसा हाय."

काकूच वाळली होती. दौंडचं पाणी मानवलं नाही म्हणत होती, पण पाण्यानं माणसाचे डोळे असे खोल जात नाहीत. मी भाकरी थापताना विचारलं, "तिकडं शेजार कसा हाय?" तर म्हणाली, "शेजाऱ्यांची दारं चांगली हायेत. सागवानी."

जेवणं झाली. हनुमंत सारखं मोबाईलमध्ये वेळ बघत होता. तेवढ्यात काकूनं पिशवीत हात घातला आणि करंडा बाहेर काढला. मी ओळखला. जेजुरीचा, लाकडी. झाकण एकीकडं आणि बोंडी वेगळी.

"ही बोंडी निघाली," ती म्हणाली. "म्हणलं, तुमच्याकडं औषध हाय ना, चिकटवून घ्यावं."

"आजी," ऋतिका मोठ्यांदा म्हणाली, "आपल्या फ्रिजमदी हाय की गम! मम्मीनं डबीत ठिवलाय. परवा माझी गाडी नाय का चिकटवली?"

काकू आपल्या बांगड्या मागं-पुढं करत बसली. हनुमंत मोबाईलमधून मान वर काढून आईकडं बघायला लागला. आप्पा उठले, फडताळातून बरणी आणली आणि आमच्याकडं पाठ करून उजेडाला, खिडकीशी बसले. काकू त्यांच्या शेजारी जाऊन बसली. आप्पांनी बोंडी डोळ्यांपाशी धरून बराच वेळ बघितली. मग खाली वाकले, काय ते केलं, बोंडी झाकणात बसवली आणि झाकण काकूच्या हातात दिलं.

"धरून बस," ते म्हणाले. "अर्धा तास लागतो."

काकूनं बोंडी अंगठ्यानं दाबून धरली.

"आई, निघायचं हाय," हनुमंत दारातून म्हणाला. "मला शिफ्टला उशीर व्हतोय. आन् अर्धा तास कशाला? ते लगेच चिकटतंय."

"तुझं दौंडातलं चिकटत आसंल," काकू म्हणाली. "हितली हवा न्यारी हाय."

तिनं हे वाक्य कुठून उचललं कोण जाणे. आप्पांनी फोनवर सांगितलं असेल. नाहीतर इतकी वर्षं एका घरात राहिल्यावर सांगावं लागत नसेल. हनुमंत पोरीला शेळ्या दाखवायला घेऊन गेला. शहाणा आहे पोरगा. मी भांडी घेऊन मागं घासायला गेले. मला कुणी सांगितलं नव्हतं, पण काही वेळा आपणच उठावं.

मागच्या दारातून दोघं पाठमोरी दिसत होती. फार काही बोलत नव्हती. मधेच काकूनं काहीतरी विचारलं, आप्पांनी मान हलवली. त्यांनी बशीत चहा ओतला आणि तिच्या तोंडाशी धरला, कारण तिचे हात गुंतलेले होते. ती "मी घेते की" म्हणाली, पण घेतली नाही, तशीच प्यायली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गिरणी बंद होती म्हणून पिठाचं नावही घेता येईना.

अर्धा तास झाला आणि वर थोडा झाला. मग ती तिघं निघाली. ऋतिका टाकीवर बसली, काकू मागं. आप्पा रस्त्यापर्यंत आले. "ये" म्हणाले नाहीत, "राहा" म्हणाले नाहीत. नुसता काकूचा पदर चाकात जाईल म्हणून तिच्या मांडीखाली सारला. गाडी वळणापर्यंत गेली, पुढं दिसेना, तरी ते उभेच होते.

दिवेलागणीला मी त्यांच्या पातेल्या द्यायला गेले. आप्पांनी देवापुढं दिवा लावला होता. देवळीत, त्या लाल गोल डागावर, बरोबर त्याच्यावर, करंडा बसलेला.

"अगंबाई! काकू विसरल्या का?"

"विसरंल कशी? ठिवलाय." आप्पा म्हणाले. "वाळू द्या म्हणली. तिकडं टिकल्यांवर भागवते म्हणली."

मला फार आनंद झाला. टिकल्यांवर भागवायचं म्हणजे पाहुणी म्हणून राहायचं. हे त्यांना कळत होतं, मलाही कळत होतं. मी करंड्याला हात लावून नमस्कार केला आणि कौतुकानं झाकण उचलायला बोंडी धरली. तर बोंडीच हातात आली. झाकण जागच्या जागी.

"आप्पा, हे चिकटलंच न्हाई! तुमचा गम मेला वाटतं!"

"गम चांगला हाय," ते म्हणाले. "मी थेंब घातलाच न्हाई."

मी बोंडी दिव्याजवळ नेली. खालची लाकडी खिट्टी शाबूत, कुठं चीर नाही, टवका नाही. माझ्या स्टुलाच्या रबरासारखी.

"मोडली असती तर खिट्टी तुटली असती," आप्पा म्हणाले. "ही तिनं काढलीय."

"आन् थेंब घातला न्हाई ते काकूंनी बघितलं न्हाई?"

"तिच्या म्होरंच बसवली की. टोपणसुद्धा उघडलं न्हाई."

"मग अर्धा तास?"

आप्पांनी माझ्या हातातून बोंडी घेतली आणि हलकेच झाकणात बसवली.

"धरून बसली," ते म्हणाले.